नावं झाकलेली माणसं

दुकानात बटाटे निवडताना मोराग पेट्रीला एका बाईनं गच्च मिठी मारली. मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, नातवाचा फोटो दाखवला, गेल्या हिवाळ्यात गुडघा कसा धरला होता तेही सांगून झालं. मोराग हसतमुखानं ऐकत राहिली. बाई पलीकडच्या रांगेत दिसेनाशी झाल्यावर तिनं शेजारी उभ्या नायरीला हळूच विचारलं, "कोण गं ही? हिच्या पित्ताशयात खडे होते, एक तर अगदी बदामाएवढा. नाव मात्र काही केल्या आठवत नाही."

●

रेवी ब्रॅडशॉ तपासणीला आला तो रंगाच्या रिकाम्या बादलीत ऑयस्टरचे ताजे शिंपले घेऊन. स्वागतकक्षातल्या मुलीनं ती बादली लसींच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि दुपारपर्यंत सगळ्या मजल्याची बोलणी खाल्ली.

●

दर गुरुवारी इस्पितळातल्या बैठकीला आधी चीज रोल यायचे, मग माणसं. भिंतीवरच्या पडद्यावर एकेकाच्या स्कॅनमधलं पोट उघडायचं. स्कॅन वाचणारी डॉक्टर मोराग, ती बाण फिरवून गाठ दाखवायची, प्रयोगशाळेचा माणूस तोंडातला घास गिळून जनुकाचा निकाल वाचायचा. कुणी मान हलवायचं, कुणी च्च करायचं. पुढचं पोट.

●

उत्तरेकडच्या शहरातून परक्या माणसांचे स्कॅन मागवून टुई या प्रोग्रॅमला दाखवले. निम्म्यांच्या बाबतीत ती चुकली. तिथलं यंत्र जुनं आहे, असं टुईच्या कामाचे प्रमुख प्रोफेसर हेक्टर म्यूर म्हणाले.

●

मंगळवारी नायरी दोन कप चहा घेऊन मोरागच्या अंधाऱ्या खोलीत गेली, जरा वेळ बसली, आणि आपला कप तिथंच विसरून आली.

●

शुक्रवारी सकाळी सेमिसी फोनुआनं संगणक उघडला. मोरागनं दोन वर्षं खपून स्कॅनवर काढलेल्या सगळ्या रेघा गेलेल्या होत्या.

१. काय गेलं

नायरी डकवर्थ पोर्ट ऑलिफंटच्या इस्पितळात कॅन्सरची डॉक्टर होती. चोऱ्या शोधणं हे तिचं काम नव्हतं. पण गेलेल्या रेघांची झळ सगळ्यात आधी बसणार होती ती तिच्या पेशंटला, आणि त्या पेशंटला ती बुधवारीच शब्द देऊन बसली होती.

टुई म्हणजे सेमिसीनं बनवलेला प्रोग्रॅम. मोठ्या आतड्यातल्या गाठीचा सीटी स्कॅन घ्यायचा, डॉक्टरनं गाठीभोवती हातानं रेघ ओढायची, आणि त्या रेघेच्या आत जे काही दिसतं त्याचा आकार, कडा, पोत मोजून टुईनं सांगायचं, की या गाठीतलं अमुक एक जनुक बदललेलं आहे की शाबूत आहे. सुई नाही, तुकडा नाही. आणि हे कळणं फार मोलाचं. जनुक शाबूत असेल तर एक औषध असं काम करतं की यकृतात पसरलेल्या गाठीही आकसतात आणि सर्जन सुरी हातात घ्यायला तयार होतो. जनुक बदललेलं असेल तर तेच औषध म्हणजे पाणी. वर अंगभर पुरळ, आणि हातातून गेलेला वेळ.

एरवी गाठीचा तुकडा तपासून हे कळतं. रेवीचा तुकडा एवढासा निघाला की पहिल्या तपासणीतच संपला. फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्यामुळे त्याला रक्त पातळ करायचं औषध चालू होतं, त्यामुळे पुन्हा टोचायला कुणी धजेना. रक्तावरून तपासायची सोय समुद्रापलीकडे मेलबर्नला होती, पण निकालाला काही आठवडे लागायचे. म्हणून टुई. टुईनं सांगितलं, शाबूत आहे. नायरीनं बुधवारी रेवीला तसं सांगितलं, आणि ऑयस्टरच्या बोटीवर काम करणारा तो अंगापिंडानं दणकट माणूस खुर्चीत बसल्या बसल्या रडला. सोमवारी औषध सुरू व्हायचं होतं.

आणि आता ज्या रेघांवरून टुई शिकली, त्याच गायब. स्कॅन जागेवर, जनुकांचे निकाल जागेवर, टुईनं मोजलेले आकडेही जागेवर. रेघा तेवढ्या पुसलेल्या, आणि राखीव प्रतसुद्धा.

म्यूर म्हणाले, "घर बांधून झाल्यावर परांची पडली तर घर पडतं का? टुई चालतेय. सोमवारचं सोमवारी करा."

"चूक असली तर ती कुठं शोधायची मग?" नायरीनं विचारलं.

"चूक आहे असं म्हणणारं कोण आहे?" म्यूर म्हणाले. पण त्यांनी तिला सोमवारपर्यंत विचारपूस करायची मोकळीक दिली.

ती जिना उतरत होती तेव्हा सेमिसी मागून आला. एवढा आडवातिडवा माणूस, पण भिंतीला चिकटून उभा राहिला.

"शोधू नका," तो म्हणाला. "मीच पुसल्या."

२. वाटाण्याचं पाकीट

जागा करत होतो, असं त्याचं म्हणणं. संगणक भरत आला होता, नव्या कामाला जागा हवी होती, जुनं काढता काढता हात चुकला. त्यानं माफी मागितली, पुन्हा मागितली, आणि राजीनामा लिहून ठेवतो म्हणाला. नायरीला त्याची कीव आली. असं होतं कधी कधी, असं म्हणून ती घरी गेली.

शनिवारी सकाळी शेजाऱ्यानं अर्धी मेंढी कापून पाठवली, आणि ती ठेवायला नायरीनं फ्रीजर रिकामा करायला घेतला. मागच्या वर्षीची तंगडी निघाली, सूपची हाडं निघाली. तळाशी वाटाण्याचं पाकीट होतं. ते तिनं उचललं, आणि हातात तसंच धरून उभी राहिली.

सेमिसीला तिनं चर्चच्या आवारात गाठलं. रग्बीच्या पोरांसाठी तो खुर्च्या मांडत होता.

"फ्रीजरमध्ये जागा करायची तर आधी काय बाहेर काढतोस?" तिनं विचारलं.

त्याला कळेना. "मटण?"

"मग तू वाटाणे का काढलेस? एकेका स्कॅनमध्ये शेकडो चित्रं असतात. रेघ म्हणजे काय, चार ठिपके जोडलेले. सगळ्या रेघा मिळून एका स्कॅनएवढीसुद्धा जागा धरत नसतील. तुझ्यासारख्याला हे मी सांगायचं का?"

तो खुर्चीवर बसला. खुर्ची करकरली.

"माझं कंत्राट तसंही जूनमध्ये संपतंय," तो म्हणाला. "जाऊ द्या ना माझ्या नावावर. मी तरुण आहे, दुसरीकडे लागेन कुठेतरी."

"आणि दुसरं कोण लागणार नाही?"

पोरं आली आणि त्यानं त्यांना उगाच मोठ्यानं हाका मारायला सुरुवात केली.

३. मेंढ्या

म्यूर आपल्या शेतावर मेंढ्यांना जंताचं औषध पाजत होते. एकेक मेंढी मांड्यांत धरायची, जबडा उघडायचा, पिचकारी मारायची. नायरीनं कुंपणापलीकडून विचारलं आणि त्यांनी काम न थांबवता उत्तरं दिली.

रेघा गेल्यानं सगळ्यात मोठं नुकसान त्यांचंच होतं, हे त्यांनी तिला मेंढी बदलता बदलता पटवलं. टुईवरचा शोधनिबंध मोठ्या नियतकालिकाकडे गेला होता. परीक्षकांनी रेघा मागितल्या की यांच्या हातात काही नाही. मग सोमवारची एवढी घाई कशाला, असं तिनं विचारलं. त्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. या टोकाला, ते म्हणाले, माणसं निकालाची वाट बघत मरतात. तुकडा पाठवा, परत मागवा, पुन्हा पाठवा. स्कॅन मात्र इथल्या प्रत्येकाचा होतो. त्यातूनच कळलं तर? गेली दहा वर्षं त्यांनी हाच विचार केला होता.

नायरीला ते खरं वाटलं. खोटं बोलणारा माणूस मेंढीला एवढ्या हळुवारपणे सोडत नाही, असंही तिच्या मनात आलं. मग तिनं स्वतःलाच दटावलं, की हे काही कारण झालं नाही. खरं कारण साधं होतं. म्यूरना काही लपवायचं असतं तर टुई ज्यांवर उभी आहे ते आकडे त्यांनी पुसले असते. रेघा पुसून त्यांनी स्वतःच्याच पायाखालची फळी काढली नसती.

"उत्तरेकडे टुई का चुकली?" तिनं जाता जाता विचारलं.

पिचकारी हवेतच थांबली. "यंत्र जुनं."

"खात्री केलीत?"

"नायरी," म्यूर म्हणाले, "त्या माणसाला शब्द मी नाही दिला. तू दिलास. तुला आता भीती वाटतेय, तर माझ्या मेंढ्यांत येऊन खात्र्या मागू नकोस."

गाडीत बसल्यावर तिनं किल्ली फिरवली नाही. म्यूर चुकीचं काही बोलले नव्हते.

४. कुणाचा हात, कुणाचं आतडं

सेमिसी रविवारी प्रार्थनेनंतर आपणहून आला. अंगात अजून चर्चचे कपडे, कमरेला त्याच्या बेटांवरच्या रिवाजाप्रमाणे विणलेली चटई गुंडाळलेली. देवापुढे बसून एवढं मोठं खोटं पोटात ठेवता येईना, म्हणाला.

त्याला महिन्यापूर्वीच संशय आला होता. यंत्र जुनं असल्याची थाप त्याला पटली नव्हती, म्हणून त्यानं गुपचूप दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या.

पहिली: उत्तरेकडच्या स्कॅनवर आधी तिथल्याच डॉक्टरच्या रेघा होत्या, त्याच स्कॅनवर त्यानं मोरागकडून नव्या रेघा काढून घेतल्या. हात मोरागचा, आतडी परकी. टुई पुन्हा निम्म्यांत चुकली.

दुसरी: पोर्ट ऑलिफंटच्या वीस जणांच्या स्कॅनवर त्यानं स्वतः रेघा काढल्या. रेघ काढायला त्याला मोरागनंच शिकवलं होतं, आणि बरी काढतोस म्हणून पाठ थोपटली होती. यंत्र आपलं, आतडी आपली, हात सेमिसीचा. टुई निम्म्यांत चुकली.

"म्हणजे यंत्राचा दोष नाही," नायरी म्हणाली.

"नाही."

"मोरागचा हात नुसता चांगला आहे म्हणावं, तर तो परक्या आतड्यांवरही चालायला हवा होता."

"हो."

"आपल्या आतड्यांतच काही खास आहे म्हणावं, तर तुझ्या हातालाही ते सापडायला हवं होतं."

सेमिसीनं मान खाली घातली.

"मोरागचा हात आणि आपली आतडी. हे दोन एकत्र आले तरच टुईला दिसतं." नायरी थांबली. "सेमिसी, त्या स्कॅनवरची नावं कुणी झाकली?"

"मी. नावं, जन्मतारखा, पत्ते, सगळं. नुसता आकडा ठेवला. कुणाची गाठ आहे हे रेघ काढणाऱ्याला कळू नये म्हणून. त्यात काही चुकलं नाही, मी शपथ घेतो."

"तुझं काहीच चुकलं नाही," नायरी म्हणाली. "चल. मोरागच्या खोलीत जाऊ. आणि कुठल्याही पाच जणांचे स्कॅन काढ. मला सांगू नकोस कुणाचे."

५. पाच पोटं

मोराग तिथंच होती. रविवार असून, बाहेर लख्ख ऊन असून, पडदे ओढून. तिनं दोघांना बघितलं आणि काही न विचारता आपली खुर्ची सरकवून जागा केली.

सेमिसीनं पहिला स्कॅन उघडला. वर कोपऱ्यात फक्त आकडा.

"ओळखतेस?" नायरीनं विचारलं.

मोरागनं दोनदा बोट फिरवलं. पोट वरून खाली सरकलं. "ही डाव्या खुब्यात धातू असलेली. हिचं आतडं प्लीहेपाशी कसं दुमडलंय बघ, असं दुमडलेलं मी दुसरं पाहिलं नाही. जनुक बदललेलं निघालं होतं. त्या गुरुवारी तू खिडकीबाहेर बघत बसलीस आणि चीज रोल तसाच राहिला."

"नाव?"

"नाव कुठं आहे इथं?"

दुसरा. "याच्या महाधमनीला चुना, घोड्याच्या नालासारखा. शाबूत. प्रयोगशाळेच्या त्या पोरानं एवढ्या जोरात वाचलं, की सगळे हसले होते."

तिसरा. "बदललेलं."

चौथा बघून ती जरा थबकली, मग यकृताच्या कडेवरचा एक पांढरा ठिपका दाखवून म्हणाली, "हा तोच. शाबूत."

सेमिसी हातातल्या कागदावर खुणा करत होता. पाचव्याला त्यानं कागद खाली ठेवला. एकही चुकलं नव्हतं.

दोन वर्षं त्यांनी नावं झाकली होती, आणि तीही अशा बाईपासून जिला नावं कधी आठवतच नव्हती. गावातली माणसं मोराग आतून ओळखायची. नाव म्हणजे तिच्या दृष्टीनं वरची टोपी. आणि गुरुवारच्या बैठकीत प्रत्येक पोट तिनं स्वतःच्या हातानं पडद्यावर उघडलं होतं, निकाल मोठ्यानं वाचला जाताना तिचे डोळे त्या पोटावरच असायचे. एकदा पाहिलेलं पोट तिच्या डोक्यातून कधी जायचं नाही, आणि त्याला चिकटलेला निकालही जायचा नाही.

"ठरवून नाही गं केलं," मोराग म्हणाली. आवाज एरवीसारखाच होता, पण ती पडद्याशीच बोलत होती. "गाठीच्या कडेला धुकं असतं. ते गाठीत धरायचं की बाहेर सोडायचं, हे रेघ काढणाऱ्यावर असतं. दोन्ही बरोबर म्हणता येतं. वाईट निकालाचं माणूस समोर आलं की माझा हात धुकं आत घ्यायचा. बाकीच्यांना सोडून द्यायचा. मला कळतसुद्धा नव्हतं. टुईला गाठ कधी दिसलीच नाही. तिनं माझा हात पाठ केला."

"आणि रेघा?" नायरीनं विचारलं.

"मी पुसल्या. तोंडानं सांगता येईना. वाटलं, रेघा नाहीशा झाल्या तर तुम्ही थांबाल, कुणीतरी विचारायला येईल. हेक्टर थांबला नाही." तिनं सेमिसीकडे पाहिलं. "आणि या येड्यानं अंगावर घेतलं. मला काल कळलं. पोरा, तुला कुणी सांगितलं होतं रे?"

सेमिसी कमरेची चटई उगाच सारखी करत राहिला. "तुम्ही निवृत्तीला आलात," तो म्हणाला. "असं जाऊ नये कुणी."

"मी तसंच जायला हवं."

"पण तुला कळलं कधी?" नायरी म्हणाली. "दोन वर्षं नाही कळलं, मग आताच कसं?"

मोरागनं पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवली.

"तो मूत्रपिंड खाली सरकलेला आला तेव्हा. तुझा बोटीवरचा. त्याचा निकाल कुठल्याच गुरुवारी वाचला गेला नव्हता. उत्तरेकडची पोटं परकी, ती मी यंत्रासारखी काढून टाकली होती; पण याची रेघ काढायला बसले आणि हात अडला. धुकं कुठं ठेवायचं, ते सांगायला कुणी नव्हतं."

"मग?"

"मग तू आलीस."

६. चहा

काय बोलली होती ती मंगळवारी?

मोठं काहीच नाही. चहा दिला. पडद्यावर रेवीचं पोट उघडं होतं. त्याच्या दोन मुलींबद्दल ती बोलली, थोरली केस कापून घेत नाही म्हणते, बाबा बरा होईपर्यंत नाही. मग कप हातात फिरवत म्हणाली होती, "मोराग, हा सुटायला हवा गं. या वर्षी एवढा एक तरी."

तेवढंच.

रेवीच्या रेघा वेगळ्या ठिकाणी ठेवल्या होत्या, त्या मोरागनं पुसल्या नव्हत्या. तिनं त्या उघडल्या. दोन होत्या, एकाच गाठीवरच्या. पहिली चहाच्या आधीची, अडखळत काढलेली. धुकं निम्मंअधिक आत. दुसरी चहानंतरची. गाठीला चापून चोपून, धुक्याला शिवलेलीही नाही.

सेमिसीनं दोन्ही टुईला दिल्या. पहिलीवर टुई म्हणाली, बदललेलं. दुसरीवर म्हणाली, शाबूत.

"मी तुम्हाला विचारलं होतं ना, कुठली धरू," सेमिसी मोरागला म्हणाला. "तुम्ही म्हणालात, दुसरी."

"हो."

नायरी पडद्याकडे बघत होती. तीन दिवस ती चोर शोधत फिरली होती. एक जण आपल्या अंगावर घेऊन मोकळा झाला होता, एकाला मेंढ्यांत जाऊन तिनं टोचलं होतं. आणि रेवीला तिनं जी आनंदाची बातमी दिली होती, ती तिनंच एक दिवस आधी मोरागच्या कानात सांगितली होती. मोरागच्या हातानं ती टुईला सांगितली, टुईनं आकडा लावून परत दिली, आणि नायरीनं तो आकडा पुरावा म्हणून रेवीसमोर ठेवला होता. मेलबर्नला रक्त पाठवायला हवं, हे तिला तेव्हाही माहीत होतं. आता काय गरज, असं म्हणून तिनंच ते ठेवून दिलं होतं.

"तू मला फसवलं नाहीस," मोराग म्हणाली.

"नाही," नायरी म्हणाली. "तुला नाही."

७. सोमवार

रेवी एकटाच आला. बायको खाली गाडी लावत होती. या खेपेला बादली नव्हती, नवा शर्ट होता.

तिनं त्याला सगळं सांगितलं. मोरागचं नाव घेतलं नाही, स्वतःचं घेतलं. आज साधी केमो सुरू करू, ती दोन्ही बाबतीत चालते. रक्त आजच मेलबर्नला जाईल. निकाल चांगला आला तर ते औषध नंतर जोडता येईल. तोवर आपल्याला माहीत नाही. हे शेवटचं वाक्य तिनं दोनदा म्हटलं.

रेवीनं आपल्या हातांकडे पाहिलं. शिंपल्यांनी कापून कापून हाताला जुने व्रण होते.

"म्हणजे बुधवारी तुम्ही मला जे सांगितलं, ते यंत्राचं म्हणणं नव्हतं," तो म्हणाला.

"नाही. माझी इच्छा होती."

"मला वाईट नाही वाटत तुमच्या इच्छेचं, डॉक. माझीही तीच आहे." त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं. "पण बोटीवर पाण्याची खोली मोजायला यंत्र लावतो ना आम्ही, त्याला कुणी आधी सांगत नाही की पाणी खोल असू दे."

तिनं मेलबर्नच्या तपासणीचा फॉर्म पुढे ओढला.

"मी मुलींना सांगून बसलोय," तो म्हणाला. "बुधवारी रात्रीच. थोरलीनं शाळेत सगळ्यांना सांगितलं."

"मी येते तुमच्या घरी. मी सांगते त्यांना. चूक माझी आहे, ती माझ्या तोंडून..."

"नको." तो उठला. रागावलेला नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "तुमच्या तोंडून नको. मी सांगेन." दाराशी तो वळला. "ते रक्त घ्यायचं कुठल्या खोलीत?"

तिनं स्वतः रक्त काढलं. एरवी नर्स काढते. शीर चटकन सापडली. रेवी दुसरीकडे बघत राहिला आणि ती नळी भरताना बघत राहिली.

दुपारी म्यूरनी निबंध मागे घेतला. तिला निरोप आला त्यात तेवढंच होतं, आणि खाली, उत्तरेकडच्या यंत्राबद्दल मी खात्री केली नव्हती, असं एक वाक्य. मोरागनं त्या आठवड्यात बैठकीत जायचं बंद केलं. गुरुवारी पडद्यावरची पोटं आता दुसरंच कुणी उघडायचं, ते अडखळायचं, आणि निकाल वाचताना प्रयोगशाळेचा माणूस आधी दाराकडे बघून घ्यायचा.

मेलबर्नहून उत्तर आलं ते काही आठवड्यांनी, शरद संपता संपता. जनुक बदललेलं होतं. नायरीनं फोन केला, रेवीनं ऐकून घेतलं, बरं म्हणाला, आणि पुढची केमो कधी ते विचारलं.

रेवीला शौचातून पहिल्यांदा रक्त दिसलं ते या सगळ्याच्या आधी, ऑयस्टरचे तीन हंगाम मागे, बोटीवर, आणि तेव्हा मूळव्याध समजून त्याला मलम देण्यात आलं होतं.